शांतता क्षेत्रातला फूत्कार

मधुमेहामुळे बाबांच्या पायाची जखम चार महिने भरत नव्हती. दिल्लीच्या डॉक्टरांनी हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी सुचवली. पारदर्शक नळकांड्यात झोपायचे, आतला दाब नेहमीच्या दुपटीहून किंचित अधिक करायचा आणि सुमारे दीड तास शुद्ध प्राणवायू घ्यायचा. अशा दाबाखाली प्राणवायू रक्तद्रवात अधिक विरघळतो आणि रक्तपुरवठा अपुरा असलेल्या ऊतींपर्यंत पोहोचतो. हे सारे आम्हांला नीट समजावून सांगितले गेले. आवाजाविषयी मात्र कोणी बोलले नाही.

दार बंद झाले, झडप उघडली आणि वायू फूत्कारत आत शिरू लागला. बाहेर उभ्या असलेल्या मला प्रेशर कुकर आठवला. बाबा त्या कुकरच्या आत होते. कानांना दडे बसत होते, हवा तापत होती. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “पाय गेला तरी चालेल, पण तिथे पुन्हा नको.”

रुग्णालयाच्या फाटकावर शांतता क्षेत्राची पाटी होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा क्षेत्रात दिवसा मर्यादा ५० डेसिबलची. दर १० डेसिबलमागे ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे मी अनेकदा शिकवले होते. नळकांड्यातल्या रुग्णाच्या कानाशी किती डेसिबल असतात, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मी कानात घालायच्या बोळ्यांविषयी विचारले. तंत्रज्ञ बाईंनी नकार दिला. घट्ट बोळा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवा अडकली, तर तिचा दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. त्यांनी दुसरा मार्ग काढला : दाब सावकाश वाढवला, त्यामुळे फूत्कारही मंदावला. शिवाय इंटरकॉमवरून त्या प्रत्येक आवाजाची ओळख करून देत राहिल्या : “आता वायू आत येतो आहे, आवंढा गिळा. आता दाब स्थिर होईल, आवाज उतरेल.”

बाबांनी उरलेली सर्व सत्रे पूर्ण केली. ड्रेसिंग, साखरेवरचे नियंत्रण आणि प्राणवायू यांच्या जोडीने जखम भरत आली. उपचार मध्येच सोडला असता, तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

आमच्या संमतिपत्रात दाबाचा धोका होता, आगीचाही होता. आवाजाविषयी तिथे एक ओळ हवी होती. जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, उपकरणाचा आवाज मोजाल तेव्हा मापक रुग्णाच्या उशीपाशी ठेवा.