आलेली जीभ

नीरेच्या डाव्या कालव्यावरील लासुर्ण्यास पाहुणचार घ्यावा आणि ठेच्याने जीभ पोळू नये, हें व्हावयाचें नाही. आम्ही शहरी मंडळी अशा वेळीं घटाघट पाणी पितों. परंतु मिरचीचा दाहक अंश पाण्यांत विरघळत नाही, स्निग्धांत विरघळतो. तेव्हां घरची आजी दह्याची वाटी पुढें सारते, तेंच शास्त्रशुद्ध! जीभ सोललीच तर मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, साजूक तुपाचें बोट, चघळावयास जाईचा पाला. एवढें आम्हांसहि मान्य. मात्र ज्याच्या गालांत अष्टौप्रहर चुनातंबाखूची गोळी, त्याला जाई काय करणार? १५ दिवसांत न भरणारा व्रण डॉक्टरांसच दाखवावा. तुपाचें बोट तेथें नको. बारामती कांही दूर नाही.