दादरच्या छतातून उतरणारा उजेड

कुवेतमधल्या खैतानमध्ये उन्हाशी आमचं वैर. जुलैत पारा 50 अंशांच्या जवळ पोहोचला की खिडक्यांच्या काचांना चंदेरी कागद चिकटवायचा आणि भरदिवसा ट्यूबलाइट लावून बसायचं. शेजारचं वसईचं कुटुंब शुक्रवारी कुवेत शहरातल्या होली फॅमिली कॅथेड्रलमध्ये मिस्साला जातं. मी सुट्टीवर निघताना तिथले काका म्हणाले, "दादरला उतरताय ना? मग पोर्तुगीज चर्च आतून बघाच. तिथं ऊन कसं आत घेतलंय, ते बघा."

दादर स्टेशनच्या पश्चिमेला फुलबाजारातून वाट काढत कबुतरखाना गाठला आणि गोखले रोडने दक्षिणेकडे चालू लागलो. 'पोर्तुगीज चर्च' हा बसचा थांबा दादरकरांच्या जिभेवर असतो. पण उतरणाऱ्यांतले बरेचसे सिद्धिविनायकाकडे वळतात. चर्चचं खरं नाव 'अवर लेडी ऑफ साल्वेशन'. फ्रान्सिस्कन साधूंनी ते 1596 मध्ये स्थापलं, तेव्हा मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे होती. पुढे इंग्रज आले. पोर्तुगीज पाद्र्यांच्या निष्ठेबद्दल त्यांना शंका होती. 1720 मध्ये त्यांनी फ्रान्सिस्कनांना मुंबईबाहेर काढलं आणि चर्चेस कार्मेलाइट पंथाकडे सोपवली. यावरून मला कुवेत आठवलं: विसाव्या शतकात तिथल्या कॅथलिकांची धुराही याच पंथाच्या पाद्र्यांनी वाहिली.

आजची इमारत मात्र 1974 ते 1977 या काळातली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. रस्त्यावरून काँक्रीटची उंच, वर निमुळती होत गेलेली कवचं दिसतात. नेहमीच्या चर्चमध्ये लांबट दालन असतं आणि एका टोकाला वेदी. कोरियांनी ते मोडून एकमेकांत गुंतलेल्या जागा केल्या, काही छताखाली, काही उघड्या. मुंबईच्या दमट हवेचा त्यांनी नीट विचार केला होता: कवचाखालची गरम हवा वर चढते आणि माथ्यावरून निघून जाते. प्रकाशही तिथूनच खाली येतो, आणि तिथल्या काचेवर एम. एफ. हुसेन यांचे रंग आहेत.

इथं मी बराच वेळ मान वर करून उभा राहिलो. युरोपात रंगीत काच भिंतीत असते, कारण तिथला सूर्य खाली कललेला आणि मवाळ; आडवे येणारे त्याचे किरण खिडकीत पकडावे लागतात. आपल्याकडे ऊन डोक्यावरून कोसळतं. ते थोपवायचं, गाळायचं आणि मग माणसांवर सोडायचं, हे काम इथं छतानेच केलं आहे. रंगीत काचेची कला आपल्या उन्हाशी जुळवून घेतलेली मी इतक्या ठामपणे आणखी कुठं पाहिलेली नाही.

आणि या कामाला हुसेनच योग्य होते. जन्म 1915 चा, पंढरपूरचा. तरुणपणी याच मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली. खालून, दुरून, मान वर करून बघणाऱ्याला चित्र कसं दिसेल याचं शिक्षण त्यांना रस्त्यावर मिळालं होतं. विठ्ठलाच्या गावात जन्मलेला मुसलमान चित्रकार, मुळं गोव्यात असलेला कॅथलिक वास्तुरचनाकार आणि पोर्तुगिजांनी वसवलेलं चर्च, एवढं सगळं एका छताखाली आलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

जुन्या धर्मस्थळात आधुनिक चित्रकाराला बोलावण्याचं धाडस जगात इतरत्रही झालं. फ्रान्समधल्या कोंक गावच्या मध्ययुगीन मठ-चर्चसाठी पिएर सुलाज यांनी 104 खिडक्या केल्या. 1994 मध्ये त्या पूर्ण झाल्या. त्यांनी रंग पूर्ण वगळला आणि दुधाळ काचेवर काळ्या रेषा तेवढ्या ठेवल्या. गावकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला होता. जर्मनीत थोलाय इथल्या मठात गेरहार्ड रिख्टर यांच्या खिडक्या 2020 मध्ये बसल्या, त्यांच्या सोबतीला अफगाणिस्तानात जन्मलेल्या महबूबा मक्सूदी यांच्याही. ही दोन्ही ठिकाणं पाहायला जगभरातून लोक जातात. दादरच्या चर्चने तर हे कोंकच्या आधी करून दाखवलं. तरी मुंबईदर्शनाच्या बसगाड्या सिद्धिविनायकाहून थेट वरळीकडे निघतात. त्यांनी इथं अर्धा तास तरी थांबावं, तेही दुपारी, ऊन माथ्यावर असताना.