पाण्याचा रंग

शिकत होतो तेव्हा वरिष्ठांनी एक धाक पक्का बसवला होता: यकृतातली पाण्याची गाठ हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या जंताची वाटली, तर सुई लावायची नाही. पाणी पोटात सांडलं तर ॲलर्जीने रक्तदाब कोसळतो, आणि त्यातून पेशंट वाचलाच तर सांडलेल्या कणांतून पुढे पोटभर गाठी उगवतात. आज त्याच गाठीत मी सुई घालतो. धाक मात्र तसाच आहे.

गंजाडच्या त्या मावशी डहाणू रोडहून पहाटेची गाडी पकडून आल्या होत्या. बरगडीखाली जडपणा, बाकी तक्रार नाही. सोनोग्राफीत आठ सेंटिमीटरचा काळा गोल, त्याला दुहेरी पांढरी कड. गंजाड म्हणजे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं गाव. मावशी पडद्याकडे बघून म्हणाल्या, "रेघ जाड आलीय. पिठात पाणी कमी पडलं."

सुईची ही पद्धत १९८६ च्या सुमारास ट्युनिशियातून आली. आपल्याकडे श्रीनगरला खुरू आणि सहकाऱ्यांनी पन्नास पेशंटांवर तिची ऑपरेशनशी तुलना केली. १९९७ साली छापलेल्या त्या अभ्यासात सुईवाले सरासरी चार दिवसांत घरी गेले, ऑपरेशनवाले जवळपास तेरा. अर्थात सगळ्याच गाठींना सुई चालत नाही. आत पिल्लं भरलेली गाठ सहसा सर्जनकडे जाते, चुना धरलेली नुसती बघत राहायची.

सुई थेट गाठीत टोचत नाहीत. आधी चांगल्या यकृताच्या जाडीतून न्यायची, म्हणजे बाहेर काढताना यकृतच ती वाट मिटवतं. भूलतज्ज्ञ ॲड्रेनलिन भरून शेजारी उभे. मग पहिली सिरिंज ओढायची आणि थांबायचं. ती उजेडात धरायची. पाणी झऱ्यासारखं नितळ असेल तर पुढे. पिवळसर दिसलं, पट्टीवर पित्त निघालं, तर जंत मारायचं औषध आत सोडायचं नाही, नाहीतर पित्तनलिका कायमच्या भाजतील. नवशिक्यांचा हात इथेच घाई करतो. माझ्या मते सगळं कसब या थांबण्यात आहे. सुई घालायला कुणीही शिकतं.

मावशींचं पाणी नितळ होतं. आतला पडदा सुटून कमळासारखा तरंगताना दिसला. काढलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं वीस टक्के मिठाचं पाणी आत सोडलं. आता पंधरा मिनिटं. तेवढ्यात गप्पा: घरी कुत्रा? आहे. शेळ्या? सहा. बकरं कापलं की काळीज-फुप्फुसातलं खराब कुठे जातं? "त्यालाच," त्या म्हणाल्या. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा जंत, त्याची अंडी विष्ठेतून केसांना, अंगणात, हाताला. सांगून झालं तोवर पाणी परत ओढायची वेळ झाली.

अल्बेंडाझोल आधीच सुरू होतं, पुढे महिनाभर. ते स्निग्ध जेवणाबरोबरच नीट लागू पडतं.

"जेवणात तेल किती असतं?"

"सुकट परतायला लागतं तेवढं."

मी शेंगदाणे लिहून दिले. कागद घेऊन त्या उठेनात.

"आणि कुत्र्याची गोळी?"

त्याची गोळी वेगळी, प्राझिक्वांटेल, ती गुरांच्या डॉक्टरांकडून घ्यायची. केसपेपरच्या तळाशी तेही लिहिलं.