इवालोच्या वाटेवर

रोवानिएमी सोडलं तेव्हा गाडीतला आकडा उणे 26 दाखवत होता. फिनलंडच्या उत्तर टोकाकडे, इवालोपर्यंत सुमारे 290 किलोमीटर जायचं होतं. भाची चालवत होती. ती ओउलूला नोकरी करते. डांबर कुठेच दिसेना. वाहनांखाली दाबून दाबून काचेसारखा झालेला बर्फ, त्यावर ताशी ऐंशीचा वेग. मी डोक्यावरचा दांडा घट्ट धरून बसलो.

"मामा, सोडा ते. आज रस्ता छान आहे."

सोदानक्युलाच्या पेट्रोल पंपावर उतरलो आणि आधी चाकापाशी वाकलो. टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा, मधूनमधून डोकावणारे धातूचे खिळे. हातमोजा काढून अंगठा दाबला, तर रबर दबलं. एवढ्या थंडीत!

करामत इथंच आहे. थंडीत रबराचे लांबलचक रेणू आखडतात आणि ठरावीक तापमानाखाली ते काचेसारखं कडक होतं. शुद्ध नैसर्गिक रबर उणे 70च्या आसपासपर्यंत तग धरतं, पण उन्हाळी टायरचं मिश्रण साधारण 7 अंशांखालीच ताठरू लागतं. मग ते शिळ्या भाकरीसारखं रस्त्यावर नुसतं टेकतं, त्याच्या खाचाखोचांत शिरत नाही. हिवाळी मिश्रणात म्हणून थंडीतही मऊ राहणारी रबरं निवडतात, काजळीच्या जोडीला सिलिका घालतात. सिलिकाचं आणि रबराचं मुळात जमत नाही. सिलेन नावाचं रसायन मध्यस्थी करतं. काही कारखाने तर मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचं तेलही वापरतात. टायरला फोडणीच म्हणायची!

ही विद्या याच देशात रुजली. 1934 साली इथल्या एका रबर कारखान्याने ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर काढला आणि 1936 साली मोटारींसाठी 'हाक्कापेलीट्टा' आणला. नाव 17व्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं. कारखान्याचं गाव नोकिया. हो, मोबाइलवालं तेच नाव. 1967 साली हा कारखाना त्याच नावाच्या उद्योगसमूहात विलीन झाला होता.

खिळ्यांचं कौतुक सगळीकडे नाही. जपानमध्ये त्यांनी रस्ते खरवडून इतकी धूळ उडवली की 1990 साली त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. ब्रिजस्टोनने त्याआधीच, 1988 साली, सूक्ष्म पोकळ्यांच्या रबराचा 'ब्लिझॅक' आणला होता. या पोकळ्या बर्फावरचा पाण्याचा पातळ थर शोषून घेतात. घसरगुंडी करतो तो हाच थर. कडाक्याच्या थंडीत तो जवळजवळ नसतो. शून्याजवळ येताना वाढतो.

दोन दिवसांनी परत निघालो तर वारा पालटलेला. आकडा उणे 1. मी खुशीत जॅकेटची चेन उघडली.

भाचीने गाणी बंद केली, वेग पन्नासवर आणला आणि पुढच्या ट्रकपासून लांब राहत म्हणाली, "मामा, आता धरा तो दांडा."