चारच्या अलीकडे

आयोवात घर घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात रेडॉनचं माहितीपत्रक येतं. बहुतेकजण ते न वाचताच सही ठोकतात. आमच्या मराठी मंडळींत त्यावर बोलणं सुरू झालं ते ओळखीतल्या एका गृहस्थांमुळे. जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही, आणि निदान फुप्फुसाच्या कर्करोगाचं. रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे हा कर्करोग होऊ शकतो; एकेका रोग्याच्या बाबतीत कारण तोच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण धास्ती बसली ती बसलीच.

या राज्यात हिमनद्यांनी आणून टाकलेली माती आहे. तिच्यातल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन. ना रंग, ना वास. उघड्यावर तो विरून जातो. पण हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि बेसमेंट फटीफटींतून जमिनीखालची हवा ओढून घेतं. राज्यातल्या ९९ च्या ९९ काउंट्या सरकारी नकाशात सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहेत. आणि आमचं सगळं चालतं बेसमेंटमध्येच: मुलांचा कॅरम, नाटकाच्या तालमी, भारतातून आलेल्या आईबाबांचं झोपणं.

जानेवारीत काउंटीच्या आरोग्य खात्यातून रेडॉन तपासायचं किट आणलं. आत रेडॉन शोषून घेणारे कोळशाचे दाणे. चाचणीच्या आधी बारा तास आणि चाचणी संपेपर्यंत खिडक्या बंद ठेवायच्या. फोडणी पडली की खिडकी उघडायची हा सासूबाईंचा शिरस्ता, त्यामुळे ते दिवस घरात जरा तणातणीचेच गेले. किट उचललं की लगेच पोस्टात टाकायचं, कारण चार दिवसांच्या आत त्यातला निम्मा रेडॉन उरतच नाही.

आकडा आला ९.२ पिकोक्युरी. म्हणजे लिटरभर हवेत इतका. अमेरिकेतल्या घरांची सरासरी १.३, चार किंवा वर असेल तर दुरुस्ती करा, असं इथली पर्यावरण संस्था सांगते.

मग बेसमेंटच्या काँक्रीटला भोक पाडून पीव्हीसीचा पाइप बसवला, पंखा लावून तो पाइप छताच्या वर काढला, पाणी उपसणाऱ्या संप पंपाच्या खड्ड्यावर घट्ट झाकण आलं. पाइपवर इंग्रजी यू आकाराची काचेची नळी आहे, तिच्यात लाल पाणी. दोन्ही बाजूंची पातळी वर-खाली दिसली तर पंखा ओढतोय, सारखी दिसली तर बंद पडलाय. देवापुढे दिवा लावून झाला की सासूबाई खाली जाऊन ती नळी बघून येतात. पुन्हा तपासलं तेव्हा आकडा ०.८.

त्यानंतर मंडळात जो तो विचारू लागला, "तुमचा किती?" जणू आमचा कळला की स्वतःचा तपासायला नको! बिल्डर तोच, वर्ष तेच, कुंपण सामाईक, तरी शेजाऱ्यांचा आला ३.१. एका घराचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलंय की मुलं माझी नक्कल करतात. काहीजण तपासतच नाहीत. उद्या घर विकताना आकडा सांगावा लागेल ही भीती. मला याचा राग येतो.

शेजाऱ्यांचा पेच मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा साधारण २.७ पिकोक्युरी, अमेरिकेची चार, आणि दोन ते चारमध्ये असाल तर "विचार करा" असा सल्ला. शेजारी इंजिनिअर, ते अजून कोटेशनवर कोटेशन मागवताहेत. वहिनींनी दरम्यान मुलीचं अभ्यासाचं टेबल वरच्या मजल्यावर हलवलं.