सातपुड्याच्या छायेतून सुरूच्या बनाकडे

पक्षाघाताच्या झटक्यातून उठलेल्या माणसाला घेऊन समुद्रावर जाऊन यावे, असे आपण घरात नुसते बोलून पाहा. पहिला प्रश्न येतो, "रस्त्यात काही झाले तर?" प्रश्न रास्तच आहे. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी कोणालाही घरात बसून राहिल्याने काय होत आहे, याची चौकशी करावीशी वाटत नाही. आमच्याकडे जळगावला हा प्रश्न दीड वर्ष ठाण मांडून बसला होता. यजमानांचे वय 72, माझे 67. डावा हात आणि डावा पाय दुबळा राहिलेला, बोलणे सावकाश पण स्पष्ट. डॉक्टरांच्या मते प्रकृती स्थिरावली होती. मन मात्र स्थिरावण्याऐवजी गोठत चालले होते. हातात काठी घेऊन लोकांच्या दृष्टीस पडायचे नाही, म्हणून हे ओट्यापलीकडे जाईनात. आणि रात्री तीनदा उठावे लागत असल्याने माझी सलग झोप कधी झाली होती, ते मला आठवत नव्हते. पुण्याहून मुलगा म्हणे, "आई, घरीच बरे." त्याच्या म्हणण्यातली काळजी मला समजत होती, पण घरी काही बरे चाललेले नव्हते.

तेव्हा जायचे ठरवले. कोठे, हा पुढचा प्रश्न. खानदेशातल्या माणसाला कोकण म्हटले की रत्नागिरी, गुहागर, गणपतीपुळे आठवते. ही सारी गावे सुंदर असली, तरी आजाऱ्याच्या दृष्टीने लांबची आहेत. आपल्याला जवळचा समुद्र पश्चिमेला आहे आणि तापीच्या काठाकाठाने जाणारी भुसावळ-सुरत रेल्वे आपल्याला तिथवर नेते, हे आपण विसरून जातो. पालघर जिल्ह्यातील डहाणू, घोलवड आणि बोर्डी हा तो पट्टा. मागे डोंगर आणि जंगल, मध्ये चिकूच्या गर्द बागा, ताड, आणि किनाऱ्यालगत सुरूची बने. 1991 साली केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि तेथील उद्योगांवर मर्यादा आल्या, म्हणून ही झाडी बऱ्याच अंशी टिकली. (याच किनाऱ्यावर वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी 2024 मध्ये झाली आहे आणि मच्छीमारांचा तिला विरोध आहे. पुढे काय होते ते पाहायचे. ज्यांना हा किनारा शांत पाहायचा आहे, त्यांनी फार वर्षे थांबू नये.) माझे स्वतःचेही एक कारण होते. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले ते बोर्डीत, आणि 1957 मध्ये ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. ती टेकडी एकदा पाहावी, अशी इच्छा अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचल्यापासून होती.

ऋतूची निवड सोपी आहे, पण ती चुकवणारे पुष्कळ आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो आणि माणसे गारव्यासाठी समुद्र शोधू लागतात. तिथे पारा 34 वर असला, तरी हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही, की शरीर थंड होत नाही. हृदयविकाराच्या किंवा रक्तदाबाच्या माणसाला तो उकाडा आपल्या कोरड्या उन्हाइतकाच जड जातो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. त्याला आणखीही एक आधार आहे: थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि आपल्या खानदेशातल्या पहाटा त्या दिवसांत बोचऱ्या असतात. किनाऱ्यावर त्याच वेळी हवा सौम्य असते. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत बोर्डीला चिकू महोत्सव भरतो, त्या दिवसांची गर्दी टाळावी.

प्रवासाविषयी थोडे विस्ताराने सांगते. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार येथून सुरतेची गाडी थेट मिळते; धुळेकरांनी मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे नरडाणा स्थानक धरावे. दिवसाची गाडी घ्यावी. खिडकीबाहेर कापसाची शेते जाऊन सागाचे डोंगर येतात आणि नवापूरला फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत असल्याची गंमत आजाऱ्याला सांगता येते. खालच्या बर्थसाठी साठ वर्षांवरील पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना स्वतंत्र कोटा आहे. तिकीट काढताना तो आठवणीने मागावा. (तिकिटातील ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च 2020 मध्ये बंद झाली.) धुळ्याहून नाशिक, जव्हारमार्गेही एस.टी.ने जाता येते. राज्याच्या हद्दीत 75 वर्षांपुढे प्रवास मोफत आणि 65 पासून निम्म्या भाड्यात आहे. स्त्रियांना तर वयाची अट न घालता निम्मे भाडे आहे. परंतु त्या मार्गावर घाटाची वळणे आहेत, आणि ज्यांना चक्कर येते, त्यांच्यासाठी पैशांची ही बचत महागात पडते.

माझा एक आग्रह ऐकावा. लहान स्थानकावर गाडी मिनिट-दोन मिनिटे थांबते. दुबळ्या पायाच्या माणसाला तेवढ्यात उतरवणे हा साऱ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा क्षण आहे. म्हणून आम्ही सुरतेलाच उतरलो, तेथे रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी मोटारीने बोर्डी गाठली. मोठ्या स्थानकावर व्हीलचेअर मिळते, पण ती आधी विचारून ठेवावी लागते. पायऱ्यांचा नियम आम्हाला व्यायामोपचार देणाऱ्या बाईंनी शिकवला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, आणि काठी नेहमी चांगल्या हातात. गाडीत तासातासाने उभे राहावे; ते शक्य नसेल, तर बसल्या जागी घोटे वरखाली करावेत. फार वेळ पाय लोंबते राहिले, की पोटऱ्यांतील रक्त साकळण्याची भीती असते.

उतरण्याची जागा ठरवताना "खोली तळमजल्यावर आहे का?" असे विचारू नये. "फाटकापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती?" असे विचारावे. सांगणाऱ्याच्या लेखी जोत्याच्या चार पायऱ्या म्हणजे पायऱ्याच नव्हेत! न्हाणीघरात कमोड आहे का, त्याच्या बाजूला धरायला काही आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, हेही विचारावे. फोटो मागवावा, त्यात संकोच कसला? रात्रीसाठी छोटा दिवा आपण घरून न्यावा. नव्या जागी वृद्ध माणूस पडतो, तो बहुधा पहिल्या रात्री, न्हाणीघराच्या वाटेवर.

डॉक्टरांना निघण्याआधी पंधरा दिवस भेटावे. औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागावी, म्हणजे एक हरवली तरी खंड पडत नाही. रक्त पातळ राखण्याच्या गोळीत तर एक दिवसही खंड नको. मधुमेह्याने चिकू चाखावा, पण एखादी फोडच. त्यातली साखर भरपूर असते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि एक प्रश्न आम्ही जाण्यापूर्वीच सोडवून ठेवला होता: जवळचे सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय कोणते आणि तिथवर मोटारीने किती वेळ लागतो? तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले, की गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तो पत्ता एका कागदावर लिहून मी पदराशी बांधला म्हटले तरी चालेल. मुलाला तोच कागद पाठवला, तेव्हा त्याचा विरोध मावळला.

आता समुद्राकडे वळते. बोर्डीचा किनारा फार सपाट आहे. ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि घट्ट, ओली वाळू उघडी पडते. चालायचे ते तिच्यावरच. कोरड्या वाळूत पाऊल रुतते आणि ज्याचा पंजा नीट उचलला जात नाही, त्याची बोटे अडकतात. मग ओहोटी केव्हा, हे कळायला हवे. त्यासाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पंचांग तर आपल्या पिढीच्या घराघरांत असते. या हिशेबाने अष्टमीच्या सायंकाळी पाणी अगदी वर आलेले असते आणि चालायला जागा उरत नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पूर्ण भरती दुपारी होऊन जाते, संध्याकाळी पाणी ओसरत असते, आणि उधाणाचे दिवस असल्याने ते सर्वांत लांबही जाते. हिशेब ढोबळ आहे, तास-दीड तास पुढेमागे होते. तिथल्या कोळी बांधवांना विचारून खात्री करावी. आम्ही माघी पौर्णिमा धरून गेलो. मधुमेह्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर शिंपल्याने कापलेले कळतही नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घालावी.

पहिल्या दिवशी हे खोलीतून बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुरूच्या बनात खुर्ची टाकून बसले. त्या झाडांतून वारा जाताना जो एकसारखा सुस्कारा निघतो, तो ऐकत दोन तास गेले. तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास स्वतःच काठी मागितली. मी डाव्या बाजूला होते. आम्ही साधारण शंभर पावले गेलो, थांबलो, परतलो. मागे वळून पाहिले, तर वाळूत उजव्या पावलाचा ठसा स्पष्ट आणि डाव्याच्या पुढे ओढल्याची एक रेघ. हे बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. शेवटच्या दिवशी ती रेघ नाहीशी झाली होती, असे मी म्हणणार नाही. पण पावले तीनशेच्या पुढे गेली होती आणि किनाऱ्यावरच्या अनोळखी लोकांसमोर काठी लपवण्याचा प्रयत्न थांबला होता.

हे घडू शकले, कारण माझी नणंद सोबत होती. आजाऱ्याला सांभाळणाऱ्या वाचकांना माझे कळकळीचे सांगणे आहे: तिसरे माणूस न्यावेच. रात्रीचे उठणे आम्ही दोघींनी वाटून घेतले. ज्या सकाळी मी कोसबाडला गेले, त्या सकाळी माझ्या हाती कोणाचा हात नव्हता. टेकडीवर मी बराच वेळ नुसती बसून राहिले. त्याबद्दल मनात अपराधी वाटत होते, तेही खरे, नणंदबाईंनी मात्र दुपारी परतल्यावर, "लवकर आलात?" एवढेच विचारले.

परतल्यावर दोन दिवस कोणतेही काम ठेवू नये. तपासणीसुद्धा तिसऱ्या दिवशी. आता यजमान रोज सकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुढे उभे राहतात आणि बोर्डीला आज भरती किती वाजता, ते जळगावात बसून सांगतात. पुढच्या पौषात गुहागरला जाऊ, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते अंतर अजून झेपणारे वाटत नाही, आणि या बाबतीत आमचे एकमत व्हायचे आहे.