सुरतेचा पोंक आणि आपला हुरडा



या पानावर मी वावरातलंच लिहितो. आज फिरायला गेलो त्याचं लिहितोय, पण पीक त्यातही आहेच. संक्रांत झाली, फरदड न ठेवता कपाशी उपटली, गव्हाला पाणी देऊन झालं, म्हणून तीन दिवस सुरतला जाऊन आलो. शिंदखेड्याला गाडीत बसलं की दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करत गाडी उधन्याला नेऊन सोडते. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. बदली गाडी नाही, काही नाही.

माझा दहावीपर्यंतचा वर्गमित्र तिकडे पस्तीस वर्षांपासून आहे. आधी लूमवर होता, आता घरीच साड्यांना लेस लावायचं काम घेतो. लिंबायतला राहतो. गल्लीत शिरलो तर भाजीवाली अहिराणीत भाव सांगत होती. कानबाईसुद्धा तिथे आपल्यासारखीच बसवतात. मित्राच्या घरात पाय ठेवला आणि पाणी यायच्या आधी त्याचा पहिला प्रश्न, "पानी कितलं शे रे तापीले?"

तापी त्याच्या दारावरून पण जाते, तरी विचारतो आपल्याकडच्या पाण्याचं. खरंय म्हणा. नदी ७२४ किलोमीटरची, मुलताईला निघते, पण तिच्या खोऱ्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग महाराष्ट्रात आहे. मुडावदला आपली पांझरा तिला मिळते, सुलवाड्याला बॅरेज, पुढे सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाई. उकाईचं धरण १९७२ चं. ऑगस्ट २००६ मध्ये तिथून पाणी सोडलं तेव्हा सुरतचा मोठा भाग बुडाला होता. अडाजणकडे एका जुन्या भिंतीवर मित्रानं पाण्याची रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्या वर होती. सिंगणपोरला नदीवर बंधारा आहे, त्याच्यावरूनच रस्ता जातो. बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी, खाली भरतीचं खारं. शहर पिण्याचं पाणी त्या वरच्या साठ्यातून घेतं.

किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरत लुटली, ती का लुटण्यासारखी होती ते रिंग रोडचा कापड बाजार पाहिला की आजही कळतं. पण त्या बाजारात एक गोष्ट मला टोचली. दुकानामागून दुकान साड्यांचं, आणि बहुतेक माल पॉलिस्टरचा. आपण कापूसवाले, कापडाच्या एवढ्या मोठ्या गावात आपला कापूस शोधावा लागला.

तसा कापसाचा आणि सुरतचा संबंध जुना आहे. अठवा लाइन्सकडून जाताना मित्रानं रिक्षा हळू करायला लावली आणि कापूस संशोधन केंद्राचं फाटक दाखवलं. डॉ. सी. टी. पटेल यांनी इथेच १९७० मध्ये एच-४ काढला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला जगातला पहिला संकरित कापूस. गुजरात-६७ मादी, अमेरिकन नेक्टरिलेस नर. संध्याकाळी कळीतले पुंकेसर हातानं काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, एकेक फूल असं करायचं. माझ्या वडिलांनी तो लावला होता, आम्ही पोरं वेचायला जायचो. ते फाटक पाहून बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. अडाजणकडे तापीच्या काठी थंडीत पोंकाच्या भट्ट्या लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच. वानी नावाची ज्वारी, दाणा दुधातून चिकात जाताना कणसं तोडतात, गरम राखेत भाजतात, कापडात घेऊन झोडपतात. हिरवागार दाणा मोकळा होतो. वर लिंबू-मिऱ्याची शेव, सोबत साखरेचे दाणे. शेजारी पोंकाचे वडे. लोक गाड्या लावून रांगेत उभे. भाव विचारला तर किलोला काही शेकडा रुपये! मी मनात आपल्या दादरचा क्विंटलचा भाव किलोवर आणला आणि गप्प बसलो. ज्वारी तीच. फरक एवढाच की आपण ती वाळवून, मळून, पोत्यात भरून बाजार समितीत नेतो, आणि हे महिनाभर आधी कापून गिऱ्हाइकासमोर भाजतात.

संध्याकाळी डुमसला गेलो. काळी वाळू, ओहोटीचा गाळ, पलीकडे हजिऱ्याचे कारखाने, हातात टमाट्याची भजी. तापी इथेच जवळ समुद्राला मिळते. तिथे बसल्यावर मित्र बोलला.

"वावर इकी टाकू का रे भो?"

त्याचं तीन एकर आहे गावी, तापीकाठचं काळं. निम्म्या बटाईनं दिलंय, बटाईदार दरवर्षी कपाशीच लावतो, हातात काही उरत नाही. गिऱ्हाईक दोन वर्षांपासून मागे लागलंय. मित्र म्हणाला, "मना पोरेसले वावर कोठे शे हाई बी माहीत नई." बोलताना तो समुद्राकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

मी लगेच हो-नाही बोललो नाही. जमीन त्याची, गरज त्याची. पण रात्री जेवल्यावर वही काढली. त्याच्या वावरातलं वीस गुंठे हुरड्याला द्यायचं. राहुरी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे हुरड्याचेच वाण आहेत, साधारण ९० ते १०० दिवसांत हुरड्यावर येतात. हुरड्याची अवस्था आठवडाभरच टिकते, मग दाणा कडक होतो. म्हणून पेरणी एकदम नको, सप्टेंबरअखेरीपासून दहा-दहा दिवसांनी तीन टप्प्यांत. म्हणजे संक्रांतीच्या, तिकडच्या उत्तरायणाच्या आसपास रोज थोडा माल निघेल. संध्याकाळी कणसं तोडून, ओल्या गोणपाटात सैल बांधून रात्रीच्या गाडीनं सुरत. लिंबायत-उधन्यात हुरडा काय असतो हे कुणाला समजवायला नको. वहिनी म्हणाल्या, "भाजायचं मी बघते, माहेरी तेच केलंय."

अडचणी पण लिहून ठेवल्या. पाखरं राखावी लागतील. कणसं दाबून भरली तर गरम होऊन वास धरतील. एक दिवस माल पडून राहिला की गोडी जाते. गाडी चुकली तर त्या दिवसाचा माल गेला. आणि बटाईदाराला विचारल्याशिवाय काहीच नाही, कारण राबणार तो आहे. कडबा मात्र हिरवा मिळेल, तो त्याच्या जनावरांना.

मित्रानं गिऱ्हाइकाला एक वर्ष थांबायला सांगितलंय. हिशेब बसला नाही तर तो विकेल, आणि मी त्याला अडवणार नाही. धाकट्या पोराला मात्र पेरणीला पाठवतो म्हणाला.

कृषी विभागातले आणि विद्यापीठातले मित्र हे पान वाचतात, त्यांना एक विचारायचंय. तापीकाठच्या भारी जमिनीत फुले मधुर घ्यावा की आपली दादरच हुरड्याला चालवावी? पेरणीला आठ महिने आहेत. ज्यांनी हुरडा विकून पाहिलाय त्यांनी खर्च-उत्पन्नाचे खरे आकडे सांगा, नफ्याचे असोत की तोट्याचे.